कोण पळयता?

गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक पॅच तपासायला आला. पाठवणारी मुलगी आमच्या कचेरीत नवी, जेमतेम सहा महिने झालेली. पॅच चौदा ओळींचा. वाचायला दोन मिनिटं लागली, उत्तर लिहायला मात्र दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत डोक्यात जे घोळत होतं ते इथे मांडतो आहे. संगणकाशी ज्यांचा संबंध ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपपुरताच आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात संगणक आहे तसा आपला गोमंतकीय स्वभावही आहे.

आधी पॅच म्हणजे काय ते सांगतो. पॅच म्हणजे ठिगळ. चालू असलेल्या प्रोग्राममध्ये काय बदलायचं तेवढंच दाखवणारा कागद. ह्या ओळी काढा, त्या जागी ह्या घाला. तो लिहिणाऱ्याने स्वतःच लावायचा नसतो. दुसऱ्या कोणीतरी तो वाचायचा, शंका असतील त्या लिहायच्या, दुरुस्ती मागायची आणि पटला तर खाली आपलं नाव घालून 'ठीक' म्हणायचं. मग तो लागतो. ह्या वाचण्याला आमच्या धंद्यात रिव्ह्यू म्हणतात. मी आपला समीक्षा म्हणतो. समीक्षकाचं नाव त्या ठिगळाखाली कायमचं राहतं. दहा वर्षांनीही कोणी उकरून पाहिलं तर कोणी लिहिलं आणि कोणी मान डोलावली, दोन्ही दिसतं.

आता हा पॅच. आमच्याकडे एक छोटा प्रोग्राम आहे. गिऱ्हाइकांच्या डेटाबेसची रोज रात्री प्रत काढतो आणि दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवतो. डेटाबेस उघडायला पासवर्ड लागतो, तो हा प्रोग्राम एका ठरलेल्या फाइलीतून वाचतो. गिऱ्हाइकं वाढली तशी ती एकच ठरलेली फाइल अपुरी पडू लागली. मुलीने सरळ उपाय काढला. प्रोग्राम सुरू करताना जी कमांड लिहितो तिच्यातच पासवर्ड घालायची सोय. दोन आडव्या रेघा, पुढे 'पासवर्ड' हा शब्द आणि त्याच्यापुढे खरा पासवर्ड. झालं! कोड स्वच्छ, नावं नीट, चाचणीही लिहिलेली. चालवून पाहिला तर चाललाही.

आणि तरी 'ठीक' लिहायला हात होईना.

का ते कळायला कमांड लाइन म्हणजे काय ते पाहावं लागेल. काळ्या पडद्यावर आपण एक ओळ लिहितो. प्रोग्रामचं नाव आणि त्याला द्यायच्या सूचना. एंटर दाबलं की तो प्रोग्राम सुरू होतो. आपल्याला वाटतं, ही ओळ म्हणजे आपण आणि संगणक यांच्यातली कानगोष्ट. ती तशी नाही. लिनक्सवर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची पूर्ण ओळ, सगळ्या सूचनांसकट, त्या यंत्रावरच्या कोणालाही वाचता येते. त्यासाठी चोरी करावी लागत नाही, कसली परवानगी लागत नाही. 'पीएस' नावाची दोन अक्षरांची कमांड आहे, ती दिली की यादी समोर येते. यंत्रात 'प्रॉक' नावाची एक जागा असते, तिथे दर प्रोग्रामच्या नावे 'सीएमडीलाइन' नावाची फाइल असते आणि ती सर्वांना वाचायला खुली असते. ही चूक नव्हे, रीतच तशी आहे. कुठला प्रोग्राम यंत्र अडवून बसलाय ते सगळ्यांना कळावं म्हणून ती केलेली.

म्हणजे कमांड लाइन हा घराचा बलकांव आहे. तिथे बसून बोललेलं रस्त्याने जाणाऱ्याला ऐकू जातं. पोदेर सायकल थांबवून पाव देतो, त्यालाही जातं. बलकांवावर बसू नये असं कोणी म्हणणार नाही. पण घरच्या कपाटाची चावी कुठे आहे ते तिथून ओरडून सांगत नाहीत.

बरं, ऐकणारा तिथे उभाच असावा लागतो असंही नाही. आपण लिहिलेली ओळ आपलाच शेल इतिहासाच्या फाइलीत नोंदवून ठेवतो. वरचा बाण दाबला की जुन्या कमांड परत येतात ना, त्या तिथूनच. आठ महिन्यांनी दुसरा कोणी त्या खात्यावर काम करायला बसला की बाण दाबता दाबता पासवर्ड पुढ्यात. विंडोजवरही नव्याने सुरू झालेल्या प्रोग्रामची नोंद सुरक्षेच्या लॉगमध्ये होऊ शकते आणि व्यवस्थापकाने ठरवलं असेल तर तिच्यात पूर्ण ओळ असते. शिवाय माणसं काय करतात? काही अडलं की पडद्याचा फोटो काढून मदतीसाठी पाठवतात. फोटोत ती ओळ असतेच.

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०१४ साली मी असाच एक पॅच तपासला होता. कचेरी वेगळी, प्रोग्राम वेगळा, सोय मात्र हीच. लिहिणारा मुलगा माझ्या एका शाळासोबत्याचा. त्याला नोकरीला लावताना मीच शब्द टाकला होता. पॅच वाचताना मनात आलं होतं की पासवर्ड असा उघड्यावर बरा नव्हे. पण मुलगा नवा, पहिलंच काम, उत्साहाने केलेलं. त्यात खोट काढली तर हिरमुसेल. घरी जाऊन बापाला सांगेल. आणि त्या सर्व्हरवर तसं होतं तरी कोण? आम्ही सातजण. मी लिहिलं, 'तपासलं. ठीक.'

तीन-चार महिन्यांनी एका रात्री त्या सर्व्हरवर ताण वाढला. ताण वाढला की त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी ईमेलने पाठवणारी एक व्यवस्था आम्हीच लावून ठेवली होती. चांगली व्यवस्था, त्यात वाईट काही नाही. यादी गेली. आम्हा सातजणांना गेली, यंत्र पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपनीतल्या तिघांना गेली, आणि नोकरी सोडून वर्ष झालेल्या पण यादीतून नाव काढायचं राहून गेलेल्या एकालाही गेली. त्या शेवटच्या गृहस्थाने सकाळी फोन केला म्हणून कळलं. भला माणूस. म्हणाला, "अरे, तुमच्या गिऱ्हाइकाचा पासवर्ड मला आलाय."

पुढचा शनिवार पासवर्ड बदलण्यात गेला. गिऱ्हाइकाला कळवावं लागलं. बैठकीत त्या मुलाची खरडपट्टी निघाली आणि मी शेजारी गप्प बसून होतो. पॅचखाली माझं नाव होतं, पण तेवढं मागे जाऊन कोणी पाहिलं नाही आणि मी दाखवलं नाही. काही महिन्यांनी तो बेंगळुरूला गेला. तिथे त्याचं उत्तम चाललंय असं ऐकतो. त्याचा बाप अजून भेटतो, बोलतो. मी ती गोष्ट त्याच्याकडे कधी काढलेली नाही.

चूक त्याची नव्हतीच. कमांड लाइन उघडी असते हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. दुसऱ्याने वाचायचं असतं ते ह्यासाठीच.

ही आमच्यासारख्या लहान कचेरीतलीच भानगड असं मात्र समजू नका. एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं चालवणारं क्यूएमू नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा कारभार पाहणारं लिब्व्हर्ट. जगातल्या कितीतरी डेटासेंटरांचा डोलारा ह्या जोडीवर उभा आहे. सेफ नावाच्या साठवणव्यवस्थेतली डिस्क आभासी यंत्राला जोडायची तर एक गुप्त किल्ली लागते. लिब्व्हर्ट ती किल्ली क्यूएमूच्या कमांड लाइनवर घालत असे. त्या यंत्रावर साधं खातं असलेल्या कोणालाही 'पीएस' देऊन ती वाचता येई. ह्या दोषाला सीव्हीई-२०१५-५१६० असा रीतसर क्रमांक मिळाला आणि २०१६ साली लिब्व्हर्टच्या २.२ आवृत्तीत तो दुरुस्त झाला.

दुरुस्ती कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. लिब्व्हर्टला किल्ली सुरक्षितपणे देता यायची तर क्यूएमूने ती तशी घ्यायला हवी. त्यासाठी क्यूएमूच्या २.६ आवृत्तीत गुपितांसाठी म्हणून कमांड लाइनचा एक नवा पर्याय घातला गेला. म्हणजे तिथेही पॅच 'गुपितांसाठी कमांड लाइनचा पर्याय' घालणाराच होता! फरक आत आहे. त्या पर्यायाला तुम्ही गुपित कुठल्या फाइलीत आहे ते सांगता. किंवा गुपित कमांड लाइनवरच द्यायचं असेल तर कुलूपबंद करून, एईएस पद्धतीने सांकेतिक करून देता, आणि ते उघडायची मूळ किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवता. बलकांवावरून पाकीट दिलं तर रस्त्यावरच्याला पाकीट दिसतं, आतलं पत्र दिसत नाही. उघडं गुपित द्यायचीही मुभा आहे, पण ती फक्त चाचणीपुरती वापरा असं तिथेच बजावलेलं आहे.

तेव्हा प्रश्न पर्याय असावा की नसावा हा नाही. पर्याय माणसाला काय करायला शिकवतो, हा आहे. समीक्षकाने तोच विचारायचा असतो. कोड चालतो का ते यंत्रही सांगतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मोठमोठे प्रोग्राम ही सोय देतातच की. खरं आहे, देतात. मायएसक्यूएलला कमांड लाइनवर पासवर्ड देता येतो. पण ५.६ आवृत्तीपासून तसं केलं की हे असुरक्षित ठरू शकतं असा इशारा तो स्वतःच छापतो. कर्लही पासवर्ड घेतो आणि सुरू झाल्याबरोबर, जिथे शक्य असेल तिथे, यादीतला तो मजकूर पुसून टाकतो. पण पुसेपर्यंतचा क्षण उरतोच, आणि त्याच्या माहितीपत्रकात ते प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. डॉकरने आधी पासवर्डचा पर्याय दिला, मग २०१७ साली पासवर्ड आत ओतून घेणारा वेगळा पर्याय आणला. आता जुना वापरला की तो नवा वापरा असं सांगतो. ह्या सगळ्यांनी दार आधी उघडलं आणि मग दारावर पाटी लावली. दार बंद करता येत नाही, कारण तोवर हजारो लोकांच्या रात्रीच्या कामांत ते बसलेलं असतं. एकदा दिलेली सोय काढून घेणं किती जड जातं ते कुठल्याही सरकारला विचारा!

उलट, सुरुवातीलाच 'नाही' म्हटलेलीही उदाहरणं आहेत. ओपनएसएसएचला कमांड लाइनवर पासवर्ड देण्याचा पर्यायच नाही. लोकांनी त्यावर एसएसएचपास नावाचा आडमार्ग काढला आणि त्या आडमार्गाच्या माहितीपत्रकातसुद्धा कमांड लाइनवरचा पासवर्ड हा सर्वांत कमी सुरक्षित प्रकार समजा असं लिहिलेलं आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीएसक्यूएलमध्येही सरळ पासवर्ड घेणारा पर्याय नाही. जोडणीच्या पत्त्यात कोंबता येतो, तो भाग वेगळा. रीतसर मार्ग म्हणजे एक खाजगी फाइल. ती फाइल मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला वाचता येत असेल तर युनिक्सवर तो ती वापरतच नाही. मला हे फार आवडतं.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी शिकली-सवरलेली माणसं, काय धोक्याचं ते त्यांचं त्यांना कळतं, आपण कोण अडवणारे? ह्यात तथ्य आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर एकटा बसलेला माणूस पासवर्ड कसाही देवो. प्रॉकमधली ती यादी परक्यांपासून झाकायची सोयही लिनक्समध्ये २०१२ पासून आहे, फक्त ती आपण मुद्दाम चालू करावी लागते. पण पासवर्ड त्या माणसाचा एकट्याचा असतो का? आमच्या प्रोग्राममध्ये तो गिऱ्हाइकाचा असतो. आणि त्या गिऱ्हाइकाच्या डेटाबेसमध्ये ज्यांची नावं, पत्ते, हिशेब आहेत, ती माणसं तर ह्या चौदा ओळींच्या आसपासही नाहीत. त्यांना कोणी विचारलेलं नाही. त्यांच्या वतीने बोलायला त्या खोलीत समीक्षकाशिवाय दुसरा कोणी नसतो.

आमची एक मावशी बाहेर जाताना घराची चावी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवायची. सगळ्या वाड्याला ठाऊक. आम्ही मुलं हसलो की म्हणायची, "कोण पळयता?" चाळीस वर्षांत तिच्या घरातून चमचासुद्धा गेला नाही. ती चुकत नव्हती. तिच्या वाड्यात येणारा-जाणारा प्रत्येकजण ओळखीचा होता आणि अनोळखी आला तर चार खिडक्या उघडत.

आरंभीचे संगणकही असेच वाड्यासारखे होते. एकाच संस्थेतली, एकमेकांना ओळखणारी माणसं एक यंत्र वाटून वापरायची. तिथेही फजिती झालीच. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या सीटीएसएस नावाच्या यंत्रणेवर दोघे व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली सुधारत बसले होते. एक होती सर्वांना दिसणाऱ्या रोजच्या निवेदनाची, दुसरी पासवर्डांची. संपादन करणारा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच नाव द्यायचा, त्यामुळे दोन्हींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्रावर आला त्याच्यापुढे निवेदनाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. ह्या यंत्रणेचे प्रमुख फर्नांडो कॉर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात ही हकीकत स्वतःच सांगितली. नंतर युनिक्स आलं. त्यात पासवर्ड सांकेतिक करून ठेवत, पण ती फाइल सर्वांना वाचायला मोकळी असे. संगणक जलद झाले, सांकेतिक पासवर्ड भराभर ताडून पाहता येऊ लागले, तेव्हा ते वेगळ्या, झाकलेल्या फाइलीत हलवावे लागले. 'पीएस'ची यादी त्याच मोकळ्या जमान्यातली. आज त्याच यंत्रावर बाहेरून आणलेले डझनभर प्रोग्राम चालतात, देखरेख करणारी साधनं ओळी टिपून भलतीकडे पाठवतात. कोण पळयता? बरेच जण, आणि त्यांतली बहुतेक माणसं नव्हेतच.

आता आपल्या स्वभावाकडे येतो. २०१४ साली मला आडवी आली ती भीड. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा अर्थ मला त्या शनिवारी उमगला. लहान प्रदेशात सगळे सगळ्यांचे कोणीतरी लागतात. एकाच बसने येतो, एकाच जत्रेला जातो, लग्नात पंगतीला शेजारी बसतो. अशा ठिकाणी तोंडावर 'हे बरोबर नाही' म्हणणं म्हणजे माणूस तोडणं, असं आपण धरून चालतो. साहित्यातही आपण हेच करतो. पुस्तक निघतं, प्रकाशन होतं, शाल-श्रीफळ होतं आणि ज्याने ते वाचून चार दोष सांगायला हवे होते तो व्यासपीठावरून गौरव करत असतो. दोष तो नंतर सांगतो, चहाच्या टपरीवर, लेखक सोडून बाकी सगळ्यांना. ह्यात लेखकाचं नुकसान होतंच, पण जास्त नुकसान वाचकाचं होतं, आणि तो तिथे नसतो.

पॅचच्या समीक्षेची रीत मला म्हणून शिकण्यासारखी वाटते. ती छापून यायच्या आधी होते, नंतर नाही. लेखी होते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. आणि बोलायचं ते ओळीबद्दल, माणसाबद्दल नाही. 'तू निष्काळजी आहेस' असं लिहायची गरज नसते. 'नवव्या ओळीत पासवर्ड यादीत दिसेल' एवढं पुरतं.

रीत चांगली म्हणून माणसं भिडेतून सुटतात असं मात्र नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार सापडलं. ते घालणाऱ्याने दोन-तीन वर्षं मन लावून कामाचे पॅच पाठवून विश्वास कमावला होता. एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या, थकलेल्या गृहस्थावर काही अनोळखी नावांनी 'तुम्ही दिरंगाई करता, दुसऱ्याला अधिकार द्या' असा धोशा लावला होता. शेवटी अधिकार दिला गेला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून ते उघडकीला आलं. आमच्या कचेरीत असलं कटकारस्थान कोणी करणार नाही. पण 'किती अडवता हो' ह्या एका वाक्यात माणसाला वाकवायची ताकद असते, ती सगळीकडे सारखीच.

असो. दोन दिवसांनी मी उत्तर लिहिलं. हा पर्याय घेऊ नये असं पहिल्याच वाक्यात लिहिलं, आडून सुचवलं नाही. मग कारणं. पासवर्ड यादीत दिसेल. इतिहासाच्या फाइलीत राहील. लॉगमध्ये आणि मदतीच्या फोटोंत जाईल. मग काय करता येईल ते. पासवर्डाऐवजी पासवर्डाच्या फाइलीचा पत्ता घेणारा पर्याय घाल, म्हणजे दर गिऱ्हाइकाची वेगळी फाइल ठेवता येईल. किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडून आत ओतून घे. परिसर-चलांचा मार्गही आहे, आणि लिनक्सवर ती इतरांना वाचता येत नाहीत, पण ज्या प्रोग्रामला आपण पुढे सुरू करतो त्यालाही ती वारशाने जातात, म्हणून माझं मत फाइलीला. शेवटी लिहिलं की तुझी गरज खरी आहे, पॅच मागे घेऊ नकोस, बदल. आणि २०१४ ची गोष्ट लिहिली, माझ्या 'ठीक'सकट.

दुपारी ती टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, एक विचारू? रागावणार नाही ना?" मी म्हटलं विचार. म्हणाली, "फाइलीतून वाचायचं पटलं. पण आपला प्रोग्राम पासवर्ड वाचून पुढे काय करतो ते मी पाहिलं. प्रत काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला तो सुरू करतो, आणि पासवर्ड त्याच्या कमांड लाइनवर घालतो. म्हणजे आपला फाइलीतून वाचला काय नि नाही काय..."

मी कोड उघडला. मीच लिहिलेला. सहा वर्षं रोज रात्री, आमच्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड बलकांवावर. खाली तपासणाऱ्याचं नाव होतं आणि पुढे 'ठीक'. माझ्याहून दहा वर्षांनी लहान सहकाऱ्याचं. मला कळलं काय झालं असेल ते. सरांचा कोड, त्यात काय बघायचं! मी एकाच्या लेकराची भीड धरली होती, त्याने माझ्या पांढऱ्या केसांची धरली.

तिला म्हटलं, "हे तू मला इथे सांगितलंस तसंच पॅचखाली लिही. माझ्या उत्तराच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं."

ती जरा घुटमळली. मग लिहिलं. तीन ओळी, नेमक्या. काल तिचा नवा पॅच आला. चौदाचे एकेचाळीस झालेत. पासवर्ड फाइलीतून येतो, फाइल इतरांना वाचता येत असेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही, फाइलीच्या शेवटी चुकून राहिलेली रिकामी ओळ गाळली जाते, आणि पुढच्या प्रोग्रामलाही पासवर्ड फाइलीतूनच जातो. जुने पासवर्ड बदलायचं काम सुरू केलंय. गिऱ्हाइकांना कळवायची पत्रं मी लिहितोय, ह्या वेळी माझ्या सहीने.

पॅच अजून मी 'ठीक' केलेला नाही. तेविसाव्या ओळीत मला एक शंका आहे.